दाढेचं माप

अकोल्याच्या जुन्या शहरात जमुनाबाई पालेभाजी विकते. तिच्या डाव्या बाजूच्या दाढा केव्हाच गेल्या होत्या. भाकरीचा सारा भार उजवीकडच्या एका दाढेवर. तेवढी वाचावी म्हणून ती दातांच्या दवाखान्यात खेटे घालत होती, आणि आता त्या खेट्यांनाच विटली होती.

तिथं डॉक्टर वर्षाली खुणांची बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत घालून पाहायची. सळई जितकी आत जाईल तितका हिरडीचा रोग खोल. पण जमुनाबाई मोठी बिलंदर. पालकावर ओलं पोतं टाकून आलेली, तिचा जीव तिकडंच. सळई टेकते न टेकते तोच ओरडायची, "अवं माय, मेली वं!" वर्षाली मऊ मनाची, लगेच हात उचलायची. जेमतेम तीन मिलीमीटर लिहून म्हणायची, "बरं आहे, मावशी." बाई समाधानानं घरी जायची. रोग आतल्या आत उतरत राहायचा.

या खेपेला दवाखान्यात मोजायचं मशीन आलं होतं. हाताचं माप आणि मशीनचं माप ताडून पाहायचं होतं. हाताचं तीनच भरलं. मशीनची सळई मात्र ठरल्या दाबानं शिरायची. बाई सवयीनं ओरडली, वर्षालीनं दचकून हात मागं घेतला, पण तोवर पडद्यावर आकडा उमटला होता. आठ.

वर्षालीचा चेहरा उतरला. सकाळपासून वाकून वाकून तिची पाठ धरली होती. "माझाच हात कच्चा," ती पुटपुटली.

जमुनाबाईला तिची फार कीव आली, आणि स्वतःचा भयंकर राग. "बाई, अजून एक डाव हातानं मोजा. मी नाई वरडत."

तिनं खुर्ची घट्ट धरली. वर्षालीनं या वेळी नीट दाब दिला. बाईच्या डोळ्यांतून पाणी गळलं, पण हूं की चूं नाही. हाताचंही माप आठच आलं.

"मावशी, ही दाढ आता राहत नाही," वर्षाली म्हणाली. "इतके दिवस मुद्दाम ओरडत होतात का?"

"दुकान शेजारनीवर टाकून यावं लागते न. लवकर सुटावं म्हनून वरडत होती मी."

वर्षालीनं सळई खाली ठेवली. तिला रागवायचंही त्राण नव्हतं.

"तुमचा हात चांगलाच हाये, बाई," जमुनाबाई म्हणाली. "तोंड माहं लबाड निघालं. काढा आता."