तिच्या पर्सांचा वास

चामड्याचा वास मला सहन होत नाही. तरणा होतो तेव्हा होत नव्हता, आता म्हातारपणीही होत नाही. बायको गेली आणि तिच्या पर्सा मागे राहिल्या, लोखंडी कपाटात टांगलेल्या. कपाट उघडलं की घशाशी येतं. बंद ठेवलं तर सुरतेच्या दमट हवेत बुरशी धरते, म्हणून उघडावंच लागतं. नातीच्या मैत्रिणी येतात, पर्सांचे फोटो काढतात, त्यात नाक खुपसतात आणि म्हणतात, "आजोबा, काय भारी वास आहे!" भारी? पोरींनो, तुम्ही कुजलेलं ढोर पाहिलं नाही म्हणून भारी.

मी पाहिलंय. खानदेशातल्या आमच्या गावात मेलेलं ढोर ओढायचं काम आमच्या घराकडे होतं. गावात कोणाचा बैल मेला की बापाला हाक यायची आणि बाप मला सोबत न्यायचा. फुगलेलं पोट, डोळ्यांत माशा, दोराला लागलेला चिकट ओलावा. कातडं सोलून झालं की हाताला जो वास लागायचा तो राखेनं घासून जायचा नाही. त्याच हातानं भाकर मोडायची. पुढे आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बापानं सोलायचा सुरा पडक्या विहिरीत टाकला आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं, आजपासून या घरातला हात कातड्याला लागणार नाही. चौथीनंतर शाळा सुटली त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण ढोर सुटलं त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

मग पोटासाठी सुरतेला आलो. कतारगामकडे लूमच्या कारखान्यात लागलो. वस्तीत सगळे आपलेच, कोणी मिलमध्ये, कोणी रेल्वेत. वस्तीचं मंडळ होतं. जुन्या कामांना कोणी हात लावायचा नाही असं मंडळात ठरलेलं होतं, आणि ते बरोबरच होतं. मला तर कोणी सांगायचीही गरज नव्हती.

आणि माझ्याच घरात चामडं शिरलं.

बायको एका पारशी म्हातारीकडे झाडलोट करायची. तापीला मोठा पूर आला त्या वर्षी म्हातारीच्या तळमजल्यावर छातीपर्यंत पाणी चढलं. पाणी उतरलं, पण मागे गाळ राहिला. संडासाचा, सडक्या धान्याचा, मेलेल्या उंदरांचा, सगळ्याचा मिळून एकच वास. बायको रोज तो गाळ उपसून यायची. एक दिवस डोक्यावर पोतं घेऊन आली आणि दारात उलटं केलं. चिखलाचे लोंदे पडले.

"हे काय आणलं?"

"पर्सा आहेत. बाई फेकून राहिली होती. मी विचारलं तर म्हणे, लई जा नी, हवे मारे क्यां फरवा जवुं छे. खरंच, ती कुठं फिरायला जाणार आता?"

"आणि तू कुठं जाणार?"

"मी कुठं जाते? मी नुसत्या धुणार."

एक पर्स उचलून तिनं पदरानं पुसली. वरची पितळी कडी दाबली, तशी पर्स टक् करून उघडली. परत मिटली, परत उघडली. तोंडावर असं हसू की मला रागच आला. जन्मभर जिनं सुपारी आणि चिल्लर कनवटीला बांधली तिला त्या टक् आवाजाचं वेड लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या पर्सा धुऊन छपराच्या पत्र्यावर कडक उन्हात पापडांसारख्या वाळत घातल्या. मी सकाळी रातपाळीवरून आलो आणि खालूनच पाहिलं. काय होणार ते मला ठाऊक होतं, पण बोललो नाही. बोलायचं म्हणजे ते जुनं काम परत तोंडी आणायचं. संध्याकाळी तिनं एक पर्स उघडायला घेतली, तर ती शिळ्या भाकरीसारखी मोडली.

"मनी माय!" म्हणून ती मटकन खाली बसली. रडली नाही, पण दोन तुकडे एकमेकांना जुळवत राहिली. ते काही बघवेना.

"सावलीत वाळवायच्या," मी म्हणालो. "आत चिंध्या कोंबायच्या म्हणजे आकार राहतो. अर्धवट ओल असतानाच एरंडेल चोळायचं. थोडं थोडं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"विहिरीची मोट चामड्याचीच असायची. ती अशीच जपायचे."

"मग सकाळी का नाही बोलले?"

मी उठून बाहेर गेलो. माझ्या हातांना हे सगळं अजून येत होतं याचीच मला किळस आली.

पुढे तिचा नादच झाला. जुन्या बाजारात जायची, भंगारवाल्यांना सांगून ठेवायची. त्या काळात पारशी लोकांची जुनी घरं एकेक करून रिकामी होत होती आणि मेलेल्या बायांच्या पर्सा भंगारात यायच्या. आत काय काय निघायचं ते सांगतो. पावडरचा दगड झालेला गोळा, आणि त्याला चिकटलेले केस. खोकल्याच्या गोळ्यांचा पाघळलेला लगदा, त्यात मेलेल्या मुंग्या. एकीत खोटे दात निघाले, वरचे, लाल हिरडीसकट. एकीत उंदरीण व्याली होती, गुलाबी पिल्लं वळवळत होती. मी जेवत होतो. ताट सरकवून उठलो.

बायकोला कशाची म्हणून शिसारी नव्हती. पिल्लं सुपलीत घेऊन बाहेर ठेवून आली, हात धुतले, परत बसली. आतलं फाटलेलं अस्तर काढायची आणि लूमवरून मी आणलेल्या तुकड्यांतून नवं शिवायची. पितळेच्या कड्या चिंचेनं घासायची. दोऱ्याला मेण लावून, आरीनं भोक पाडून तुटलेला पट्टा जोडायची. तेलाचा हात फिरवला की काळं पडलेलं चामडं हळूहळू तपकिरी व्हायचं, मग चकाकायला लागायचं. तिचं बोट त्यावरून फिरायचं, आणि मला दिसायचं ते ढोराचं पोट.

त्या पर्सा ती विकायची नाही आणि खांद्यालाही लावायची नाही. दोरीवर टांगायची, बस. विकल्या असत्या तर लोकांनी एक वेळ समजून घेतलं असतं. नुसतं आवडतं म्हणून करते, हे कोणाच्या डोक्यात शिरेना. मंडळाचे अध्यक्ष आमच्या गल्लीतच राहायचे. एकदा सायकल भिंतीला टेकवून आत आले आणि दोरीकडे बघून नाकाला रुमाल लावला.

"वहिनी, आपण काय सोडलं आणि तुम्ही काय धरलं? चामड्याचा शौक? आपल्या माणसाला?"

"दादा, बाहेर तुमची सायकल आहे ना?"

"आहे. मग?"

"तिची सीट कशाची आहे?"

अध्यक्षांनी वळून दारातून सायकलकडे पाहिलं.

"तुम्ही रोज चामड्यावर बसून येता. मी नुसतं पुसते."

गल्लीतल्या बाया फिदीफिदी हसल्या. अध्यक्ष मला म्हणाले, "आवर घाल." मी कुठून आवर घालणार? मनातून मी त्यांच्याच बाजूचा होतो आणि तिला ते ठाऊक होतं.

हसण्यावारी गेलं असतं, पण मुलगी लग्नाला आली. अध्यक्षांनीच बारडोलीचं स्थळ आणलं. मुलगा साखर कारखान्यात फिटर, बापही तिथंच. निर्व्यसनी, स्वतःची खोली. असं स्थळ आमच्यासारख्याला परत मिळणारं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, "मुलाचा बाप कडक आहे. शपथ पाळणारा माणूस. पर्सा दिसल्या तर उंबऱ्यावरून परत जाईल."

बायको म्हणाली, "एक दिवस काढून ठेवते. फेकणार नाही."

काढून ठेवायचं काम मी घेतलं आणि तिथंच घोटाळा झाला. ऐन आषाढ. तिनं नुकतंच तेल लावलं होतं. मी सगळ्या पर्सा प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधल्या, पोत्यात भरल्या आणि पोतं खाटेखाली ढकललं. वास कोंडला म्हणजे संपला असं मला वाटलं. मोट कधी कोंडून ठेवत नाहीत, कायम टांगतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण हाताला घाई झाली होती, नजरेआड करायची.

पाहुणे आले ते नेमके त्याच खाटेवर बसले. मुलगा, बाप, आई. पोरगी पोहे घेऊन आली. पाहुण्यानं, म्हणजे मुलाच्या बापानं, पहिला घास घेतला आणि थांबला.

"घरात काही मेलं आहे का?"

त्याच्या स्वतःच्या कपड्यांना कारखान्याच्या मळीचा वास मारत होता, तो भाग वेगळा. पण खोटं नव्हतं. पोत्यातल्या पर्सांना दोन दिवसांत बुरशी चढली होती आणि तेल खवट झालं होतं. मी म्हणालो, "उंदीर असेल." बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग वाकली, पोतं ओढून काढलं आणि तोंड सोडलं. भपकारा आला. मुलाच्या आईनं तोंडाला पदर लावला, पण डोळे मात्र पोत्यात.

"उंदीर नाही," बायको म्हणाली. "माझ्या पर्सा आहेत. जुन्या आणते, नीट करते. आवडतं मला. यांनी लाजून कोंडल्या म्हणून घाण सुटली, नाहीतर एवढा वास नसतो."

पाहुणा उभा राहिला. बापजाद्यांनी काय सोसलं, कशासाठी सोडलं, यावर लांबलचक बोलला. त्यातला शब्द न् शब्द मला पटत होता. पोहे तसेच टाकून गेले. मुलगा जाताना आमच्या पोरीकडे बघत होता.

बायकोनं पर्सा बाहेर काढल्या आणि ओल्या फडक्यानं एकेकीची बुरशी पुसायला बसली. मी म्हणालो, "पोरीचं वाटोळं केलंस." ती म्हणाली, "कोंडल्या कोणी?"

काही दिवसांनी भर दुपारी मुलाची आई आली. एकटीच. कापडाच्या थैलीतून तिनं एक पर्स काढली. काळी, चौकोनी, पट्टा तुटलेला, कोपरे गेलेले.

"माझ्या माहेरची आहे," ती हळूच म्हणाली. "ट्रंकेत तळाशी असते. नीट होईल का ताई? यांना सांगू नका. मी यांची समजूत काढते लग्नाची. पोरालाही मुलगी आवडली आहे."

बायकोनं पर्स उलटीपालटी करून पाहिली. "होईल. पण न्यायला तुमच्या मालकांना पाठवा. दिवसाउजेडी, पुढच्या दारानं."

"अहो, ते कसले येतात?"

"लग्न व्हायचं असेल तर येतील."

बायकोनं त्या पर्सवर जीव ओतला. कोपऱ्यांना नवं चामडं लावलं, ते एवढं बेमालूम की शोधून सापडेना. मुलाच्या आईनं कशी समजूत काढली कोण जाणे, पण पाहुणा खरंच आला, सोबत अध्यक्ष. गल्ली दारात गोळा झाली. बायकोनं पर्स पुढे केली. पाहुण्यानं खिशातून वर्तमानपत्राचा कागद काढला, जमिनीवर पसरला.

"यावर ठेवा."

तिनं ठेवली. त्यानं हात न लावता कागद गुंडाळला आणि पुडकं दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसं. वर म्हणतो, "मी मोठ्या मनाचा माणूस आहे. मुलीत खोट नाही. फक्त घरातली ही घाण खाडीत टाका आणि वहिनींनी मंडळासमोर शपथ घ्यावी. मग तारीख काढू."

खरं सांगतो, मला हो म्हणायचं होतं. पर्सा जातील, पोर सुखात पडेल, दोन्ही कामं एकदम. बायकोनं मला विचारलंच नाही. तिनं पोरीला हाक मारली.

"तुझ्याबद्दल चाललं आहे. तू बोल."

पोरगी बाहेर आली. तिनं पाहुण्याच्या हातातून पुडकं घेतलं, कागद सोडला, आणि पर्स पट्ट्यानं धरून त्याच्यासमोर केली.

"काका, ही अशीच न्या. तुमच्याच घरची आहे."

त्यानं पर्सकडे पाहिलं, गल्लीतल्या माणसांकडे पाहिलं.

"कागद दे."

"कागद नाही देणार."

"कागद दे म्हणतो ना!"

पोरगी हात पुढे करून तशीच उभी. तो वळला आणि पर्स न घेता निघून गेला. अध्यक्ष म्हणाले, "घर बुडवलंत," आणि त्याच्यामागे पळाले. मी लहानपणी फुगलेली ढोरं ओढली आहेत. पण स्वतःच्या बायकोच्या माहेरची वस्तू बोटांच्या टोकांत धरणारा तो माणूस पाहून जशी मळमळ झाली, तशी तेव्हाही झाली नव्हती. म्हणून मला चामडं आवडायला लागलं असं कोणी समजू नये.

सोयरीक मोडली ती मोडलीच. पोरीचं नंतर नंदुरबारकडे झालं, नीट झालं.

पर्स न्यायला शेवटी मुलाची आईच आली.

"आता नाही व्हायचं ताई, लग्न."

"नाही."

"मुलगी गुणाची होती हो."

"आहेच."

तिनं थैली घडी करून पर्समध्ये टाकली, पर्स खांद्याला लावली आणि गल्लीतून स्टेशनकडे गेली. बाया दारातून बघत होत्या. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बायको दारात उभी राहिली, मग आत येऊन दुसरी एक फाटकी पर्स घेऊन बसली.

"अहो, पट्टा धरा जरा. दोरा ओढायचा आहे."

मी खांद्यावरचा गमछा हाताला गुंडाळला आणि पट्टा धरला.

"ते काढा ना."

"नाही काढणार. मला मळमळतं."

"बरं. पण घट्ट धरा," ती म्हणाली आणि दोरा ओढला.