राउताहाल्लाची नवी तबकडी

इल्पो केम्पाइनन फिरतं वाचनालय हाकायचा. आठवड्याला बावीस थांबे. मुलूख असा, की दोन घरांच्या मधे एक तळं आणि उरलेल्या जागेत पाइनची झाडं. दुसऱ्या गाड्यांत दाराशेजारी बालवाडीतल्या पोरांची चित्रं लावतात; इल्पोनं तिथं काळी पाटी ठोकलेली. पाटीवर खडूनं लिहिलेलं असायचं, कुठल्या महिन्यात कुठल्या रॉक मंडळींची नवी तबकडी येणार. नाव, तारीख, आणि पुढं त्याचा स्वतःचा शेरा. 'बघू.' 'आशा नाही.' 'कान धुऊन ठेवा.'

हिल्याआजीचं वय त्र्याऐंशी. जन्मात तिनं गिटारीला हात लावला नव्हता. पण पुस्तक बदलायला गाडीत चढली की तिची नजर पहिल्यांदा पाटीवर.

"काय रं, त्ये स्मशानात वरडल्यागत गात्यात त्यांचं पुढं ढकललं व्हय?"

"व्हय आजी. सप्टेंबरात गेलं."

"मंग तंवर मला मरून चालायचं न्हाई."

फेब्रुवारीत पाटीवर राउताहाल्लाचं नाव लागलं. सात वर्षांनी त्यांची तबकडी येत होती, एप्रिलच्या तिसऱ्या शुक्रवारी. पुढं शेरा नव्हता.

"याच्याम्होरं काय लिवलं न्हाईस?" आजीनं विचारलं.

"असंच."

"ओस्मो आजून बोलत न्हाई वाटतं."

तिकडं असलं कुणी तोंडावर विचारत नाही. पण त्र्याऐंशीला माणसाला सगळं माफ असतं. इल्पोनं तिच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का जरा जोरात मारला.

ओस्मो हेइकुरा त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. चाळीस गायी, तळ्याकाठी घर, आणि घरापासून पन्नास पावलांवर लाकडाचं वाफघर. राउताहाल्लाची पहिली कॅसेट आली तेव्हा दोघं चौदा वर्षांचे होते. तेव्हाच ठरलं: नवीन आलं की पहिल्यांदा दोघांनी मिळून ऐकायचं, वाफ घेऊन झाल्यावर, वाफघराच्या बाहेरच्या खोलीत. आधी कुठं एक ओळ चाखायची नाही. आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ओस्मोचं लग्न झालं, इल्पोचं मोडलं, ओस्मोचा बाप गेला. नेम चुकला नाही. अशा नऊ तबकड्या झाल्या.

दहाव्या तबकडीला इल्पो घसरला. वाचनालयाचं पार्सल तीन दिवस आधी आलं. गाडी तळ्याकडेला लावून, दार आतून लावून, त्यानं कानांवर हेडफोन चढवले आणि सगळी तबकडी ऐकून घेतली. शनिवारी वाफ घेऊन ओस्मोशेजारी नव्या नवरीसारखं तोंड करून बसला. चौथ्या गाण्यात सगळी वाद्यं एकदम थांबतात, श्वासभर काही नाही, मग पुन्हा कोसळतात. इल्पोचा पाय ताल धरून होता. वाद्यं थांबायच्या आधी तो थांबला.

ओस्मोनं पायाकडं बघितलं. सुई उचलली, तबकडी खोळीत घालून इल्पोच्या हातात दिली आणि आत जाऊन भट्टीत लाकडं सारायला लागला. एवढंच. भांडण झालं असतं तर ते मिटलं तरी असतं. झालंच नाही, तर मिटवायचं काय? तेव्हापासून ओस्मो गाडीत चढला नाही. पुस्तकं बदलायला त्याची बायको मार्केत्ता यायची.

'एकदा चाखलं तर काय पाप केलं?' इल्पो पहिल्या वर्षी मनाशी म्हणायचा. दुसऱ्या वर्षी म्हणायचा थांबला.

यंदाही पार्सल मंगळवारीच आलं. वरचं प्लास्टिक कोरं करकरीत. इल्पोनं ते आपल्या सीटमागं सरकवलं आणि चार दिवस विस्तव पाठीशी घेऊन हिंडल्यागत हिंडला. मंडळींनी दोन गाणी आधीच बाहेर सोडली होती. गुरुवारी दुकानात तो राईचा पाव घेत होता, तर रेडिओवाला म्हणाला, "आता राउताहाल्लाचं नवं..." इल्पो दाराबाहेर.

"आरं, पाव!" दुकानदार ओरडला.

"ठिव तिथंच!"

शनिवारी दुपारी तो ओस्मोच्या आवारात उतरला. बर्फ वितळून चिखल झालेला. ओस्मो गोठ्यापुढं लांब दांड्याच्या काट्यानं चारा ओढत होता. इल्पोनं तबकडी पुढं केली. ओस्मोनं काटा भिंतीला टेकवला, हात विजारीला पुसले आणि बाजारात बैलाचे दात बघावेत तसं प्लास्टिकच्या चारी कडांवरनं नख फिरवलं.

"फोडलेली न्हाई."

"न्हाई."

"आधी सोडलेली गाणी?"

"आयकली न्हाईत."

"फोनवर?"

"न्हाई म्हनलं की."

ओस्मोनं तबकडी परत दिली. मग गायीकडं बघत म्हणाला, "म्या आयकलं एक."

"काय?"

"गोठ्यात रेडिओ आसतो. दोनी हात सडांशी गुतलेलं. बंद कराया उठस्तवर अर्धं झालं. मंग म्हनलं, आता अर्धं काय न् पुरं काय."

इल्पोचं डोकं सणकलं. "सात वर्सं! सात वर्सं मला उंबऱ्याभायेर ठिवलंस गड्या, न् आता..."

"राग आयकल्याचा न्हवता," ओस्मो म्हणाला. "आयकून, न आयकल्यावानी बसला व्हतास. सांगितलं आसतंस तर चार शिव्या हासडल्या आसत्या न् बसलो आसतो."

चिखलात बूट रुतत होते. "चुकलं माजं," तो शेवटी म्हणाला. हे म्हणायला सात वर्षं लागली आणि म्हणून झालं तर दोन शब्दांचं निघालं.

"कितवं हाय त्ये तुजं आयकलेलं?" त्यानं विचारलं.

"तिसरं. त्ये लागलं की मी भायेर हुबा ऱ्हातो. तू आयक निवांत. चल, भट्टी पेटिवतो."

वाफ झाली. दोघं कमरेला पंचे गुंडाळून बाहेरच्या खोलीत बसले. इल्पोनं प्लास्टिक फोडलं, सुई टेकवली. पहिलं गाणं ठीक होतं. दुसरं त्याहून बरं. ते संपता संपता ओस्मो उठला आणि अनवाणी बाहेर जाऊन शिळ्या बर्फात उभा राहिला. खिडकीतनं त्याची पाठ दिसत होती, पाठीवरनं वाफ निघत होती.

तिसऱ्याचे ढोल सुरू झाले. इल्पोनं चार ठोके ऐकले असतील नसतील. तोही उठला, दार मागं घट्ट ओढून घेतलं आणि ओस्मोशेजारी जाऊन उभा राहिला. ओस्मोनं त्याच्याकडं बघितलं. बोलायची सोय नव्हती.

घराची खिडकी उघडली. "आरं मुडद्यांनो," मार्केत्ता म्हणाली, "आत कुनासाठी वाजतंय?"

इल्पोचे तळवे बधिर झाले, तो एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभा राहिला. दाराआडचे ढोल थांबले, तसं ओस्मोनं दार ढकललं आणि इल्पोला पुढं घातलं.