कुंदाला मूलबाळ नव्हतं म्हणे

कुंदा गेली त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये शोकसभा घेतली. फोटोला हार, उदबत्ती आणि माईक. आमच्या सेक्रेटरींना, म्हणजे पाटणकरांना, माईकशिवाय दुःख होत नाही. "कुंदाताईंना मूलबाळ नव्हतं," ते आवाज जड करून म्हणाले, "पण ही सोसायटीच त्यांचं कुटुंब होतं." माझ्या शेजारच्या खुर्चीवर आरती बसली होती. अकरा वर्षांची मुलगी, कुंदाच्या घरात चार वर्षं वाढलेली. तिने माझी ओढणी ओढून हळूच विचारलं, "शैलामावशी, मग मी कोण?"  पाटणकरांना काय म्हणावं ते मला भरपूर सुचलं, पण फोटोसमोर तोंड सोडणं बरं दिसलं नसतं. म्हणून आज लिहायला बसले आहे.

कुंदाने आणि मी खडकीला एकाच ऑफिसात, टेबलाला टेबल लावून नोकरी केली आणि पुढे एकाच मजल्यावर समोरासमोर फ्लॅट घेतले. तिचे यजमान लवकर गेले. मी लग्नाच्या भानगडीतच पडले नाही. निवृत्तीनंतर लोक हास्यक्लबात जातात, तीर्थयात्रा करतात आणि त्यांचे फोटो पाठवून आपल्याला छळतात. कुंदा एक दिवस चहा पिताना म्हणाली, "शैला, मी एक मूल सांभाळायला घेतेय." मी म्हटलं, "या वयात दत्तक?" "दत्तक नव्हे गं. त्या मुलीला आई आहे, पण फार आजारी आहे. बाप परागंदा. आई बरी होईपर्यंत, नाहीतर पोरगी मोठी होईपर्यंत तिला घर द्यायचं. बालकल्याण समिती रीतसर ठेवते आपल्याकडे." "आणि आई बरी झाली की?" "की परत द्यायची." "मग तू रडत बसणार." "बसेन. तू तेव्हा चहा करून दे."

मूल देण्याआधी घर बघायला आणि शेजाऱ्यांशी बोलायला समितीची समाजसेविका येते. झालं! जन्मात कुणाच्या तापाचं औषध आणून न दिलेली माणसं एकदम बालसंगोपनाची जाणकार झाली. पाटणकर म्हणाले, "भाडेकरू ठेवायचा तरी आम्ही चौकशी करतो. इथे तर कुठलं रक्त, काय संस्कार, काही पत्ता नाही." मग जिन्यात कुंदाला गाठून त्यांनी विचारलंच, "अहो, पण जात कोणती?" कुंदा म्हणाली, "विचारली नाही बाई. का, तुम्हाला सून करायचीय?" मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. कुंदाचा भाचा निनाद हिंजवडीला कंपनीत आहे. एरवी दिवाळीचा मेसेजसुद्धा दुसऱ्याचाच पुढे ढकलणारा. त्याने मात्र आवर्जून फोन केला. "मावशी, हा इमोशनल डिसिजन आहे. उद्या फ्लॅटवर क्लेम वगैरे झाला तर?" कुंदा म्हणाली, "मी तिला वरणभात देणार आहे रे. फ्लॅटचं तू जेवताना कशाला काढतोस?"

आरती आली ती एका पिशवीनिशी. संस्थेत, म्हणजे बालगृहात, मोठ्या हॉलमध्ये रांगेने झोपलेली मुलगी, तिला स्वतःची खोली म्हणजे काय ते कळेना. कुंदाने काय करावं? सुताराला बोलावून त्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवली, तीही पोरीचा हात पोचेल इतकी खाली. आमच्याकडे आईबाप मुलांच्या खोलीत कसे घुसतात ते मी सांगायला नको. पाटणकरांच्या बायकोने कपाळाला हात लावला, "मुलीच्या जातीला आतून कडी? आत काय करते ते कळणार कसं?" कुंदा म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तिला दार मिळालंय. लावू दे की." आणि आरतीने लावलं! जेवण आणि शाळा सोडली तर दार बंदच. कुंदा बाहेर खुर्ची टाकून भाजी निवडत बसायची आणि दाराशी गप्पा मारायची. ऑफिसातल्या गमती, माझ्या चुगल्या, काहीही. एका दुपारी मी तिथेच होते. आतून बारीक आवाज आला, "मला मेथी निवडता येते." कुंदाने मान वर केली नाही. "मग ये, हात धुऊन," एवढंच म्हणाली. पण तिच्या हातातल्या काड्या परातीत आणि पानं कचऱ्यात चालली होती, ते मी पाहिलं.

नवरात्रात पाटणकरांकडे कुमारिकांना जेवायला बोलावतात. पाय धुतात, गजरे देतात, आणि फोटो तर काढतातच. इमारतीतल्या सगळ्या मुलींना बोलावणं गेलं, आरतीला नाही. कुंदाने तिला परकर-पोलकं घातलं, वेणी घातली आणि सरळ त्यांची बेल वाजवली. "आमची आरती राहिली वाटतं तुमच्याकडून. पाट मांडा." "अहो, पण तिचं घराणं..." "देवीने विचारलं का? नाही ना? मग पाणी आणा." पाटणकरीणबाईंनी पाय धुतले. चेहरा असा, की कारल्याचा रस प्यायल्या असाव्यात. आरतीने शांतपणे तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि वर तूप मागून घेतलं. मला इतका आनंद पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

कुंदा हृदयविकाराने गेली, एका सकाळी, अचानक. निनाद आला आणि दिवस संपायच्या आत मोबाइलवर खोल्यांची मापं घ्यायला लागला. आरतीकडे बोट करून मला म्हणाला, "हिची काय प्रोसेस आहे?" मेल्या, माणूस आहे ती! प्रोसेस कसली? शोकसभा झाली आणि नियमाप्रमाणे समितीने आरतीला परत संस्थेत नेलं. तिची आई अजून अंथरुणालाच खिळलेली होती. गाडीत बसताना आरती रडली नाही. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, जणू हे होणारच होतं... पाटणकर हात झटकून म्हणाले, "चला, तिचीही सोय झाली." मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी शिसारी आली, की मी त्याच दुपारी समाजसेविकेला फोन लावला. आरतीला माझ्याकडे द्या म्हटलं. ती म्हणाली, "ताई, नीट विचार केलाय ना?" मी म्हटलं, "विचार करणारे आमच्या सोसायटीत पुष्कळ आहेत. आणखी एक कशाला?"

पुन्हा चौकशी, पुन्हा तेच शेजारी. पाटणकरांनी सांगितलं, की बाई तोंडाने फार फटकळ आहेत, मूल टिकायचं नाही. समाजसेविकेने मला विचारलं, खरं का? मी म्हटलं, फटकळ आहे ते खरं, टिकायचं काय ते मुलीलाच विचारा. तिने विचारलं. आरती म्हणाली, "त्या ओरडतात. पण खोटं बोलत नाहीत." अंतिम आदेश अजून यायचा आहे, पण गेल्या आठवड्यात आरती तात्पुरती म्हणून माझ्याकडे आली.

पहिल्याच संध्याकाळी मी कोपऱ्यावर दूध आणायला गेले. तिथे गर्दी, परत येताना कुणीतरी गप्पा मारायला भेटलं. वर आले तर पोरगी जिन्यात उभी, चेहरा पांढराफटक. "कुठे गेला होतात?" "दूध आणायला गं." "सांगून नाही गेलात." आणि मग मला आठवलं. कुंदा कचरा टाकायला खाली उतरली तरी दारातून हाक मारायची, "आरती, येते गं लगेच!" समोरच्या घरात मी ते ऐकायचे आणि हसायचे. आरतीच्या आयुष्यातून जो गेला तो न सांगता गेला, हे कुंदाला ठाऊक होतं. एकदाच तिला सांगता आलं नाही. त्या सकाळी तिला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा...

आयुष्यात मी कुणाला जाब दिला नाही, साहेबालासुद्धा नाही. दुधाची पिशवी हातात धरून मी म्हटलं, "चुकलं बाई माझं." आरतीने पिशवी घेतली. "परत नका करू," म्हणाली आणि आत गेली. आता मी कोथिंबिरीला निघाले तरी दारातून सांगते, "आरती, खाली जातेय गं, येतेच!" पाटणकर दार किलकिलं करून बघतात. त्यांनाही नीट ऐकू जावं म्हणून मी जरा जोरातच सांगते. आणि आतून "लवकर या" असं आल्याशिवाय पायरी उतरत नाही.