जुन्या कार्डावर न दिसलेलं पाणी

सातिवलीला, खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस होतं. इमारती उभ्या राहण्याआधी त्या कशा दिसतील याची थ्रीडी चित्रं आम्ही बनवायचो. आम्ही म्हणजे मी, मशीन, म्हणजे कॉम्प्युटर सांभाळणारा एक सहकारी आणि ज्यांचं ऑफिस होतं ते सर. खालून दिवसभर पुठ्ठा कापण्याचा धपधप आवाज यायचा आणि टेबलावरचा चहा थरथरायचा.

त्या वर्षी खाडीलगतच्या खारजमिनीचं काम आलं. भराव टाकून तिथे मोठी वसाहत होणार होती. वसाहतीकडे जायचा रस्ता गावातूनच काढावा लागणार होता, आणि गावाने अट घातली होती की भराव पडल्यावर पावसाचं पाणी कुठे जाईल ते आधी दाखवा, मगच रस्त्याला जागा देऊ. पाण्याचा हिशोब बिल्डरच्या इंजिनियरांनी करून दिला होता. त्याचं बघता येईल असं चित्र आम्ही करायचं होतं.

त्या गावात माझा मामा राहतो. खाडीच्या बांधाला लागून त्याचं घर, मागे भाताची खाचरं. काम आमच्याकडे आल्याचं त्याच्या कानावर गेलं तसा त्याचा फोन आला.

"बाय, तुझ्या हापिसातच बनतंय ना ते? मग आम्हाला घोर नाय. तू हायस."

मी हसून "हो" म्हटलं.

आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती नुकतीच आली होती. तिच्यात पाणी काढायची पद्धतच बदलली होती. पूर्वी पाण्याचा पृष्ठभाग आधी पूर्ण तयार करून मग ग्राफिक्स कार्डाकडे, म्हणजे संगणकातल्या चित्र काढणाऱ्या भागाकडे पाठवला जायचा. आता तो पृष्ठभाग कार्ड स्वतःच, लागेल तिथे आणि लागेल तेवढाच, जागच्या जागी घडवत होतं. मेश शेडर म्हणतात त्याला. पाणी सुंदर दिसायचं, वळणावर फुगायचं, कडेला पातळ व्हायचं. फक्त त्याला नवं कार्ड लागायचं. माझ्या मशीनमध्ये ते होतं.

सगळी मांडणी झाल्यावर मी पहिल्यांदा पूर्ण पाऊस आणि भरती एकत्र चालवून पाहिली. आधी नाला भरला. मग पाणी भरावाच्या कडेला येऊन अडलं, पुढे जायला जागा नाही म्हणून मागे वळलं आणि खाचरांत पसरलं. बांधालगतच्या घरांभोवती ते अगदी सावकाश चढलं. मी कॅमेरा खाली नेला. मामाचं घर मी त्याच्या अंगणात काढलेल्या फोटोंवरून बनवलं होतं, त्यामुळे दाराची निळी चौकट हुबेहूब होती. पाणी त्या चौकटीत अर्ध्यावर थांबलं.

मी सरांना बोलावलं. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत राहिले. त्यांनी पुन्हा चालवायला सांगितलं. मग म्हणाले, "मीटिंग रूममध्ये लाव. मोठ्या पडद्यावर बघू."

मीटिंग रूममधलं मशीन जुनं होतं. तिथे तीच फाईल उघडली. पाऊस पडला, कौलं ओली झाली, आभाळ काळं झालं. पण खाचरं कोरडी राहिली. नाला कोरडा. पाणी कुठेच नव्हतं. काही चुकतंय असा संदेशही पडद्यावर आला नाही.

सहकाऱ्याने कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, नवा टाकून पाहिला. काही फरक पडला नाही. मला तोवर कारण कळलं होतं. सॉफ्टवेअर सुरू होताना कार्डाला विचारतं की तुला काय काय जमतं. जुन्या कार्डाने मेश शेडर जमत नाही म्हणून सांगितलं होतं, आणि सॉफ्टवेअरने पाण्याचा थर गुपचूप सोडून दिला होता. ती सोय कार्डाच्या चिपमध्येच नव्हती. बाहेरून काही टाकून ती येणार नव्हती.

हे मी सरांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे या मशीनवर ते कधीच दिसणार नाही?"

"नवं कार्ड बसवल्याशिवाय नाही, सर. मागवायचं का?"

"बघू," ते म्हणाले, आणि उठून खिडकीशी गेले. खाली टेम्पोत पुठ्ठ्याचे गठ्ठे भरत होते. सर बराच वेळ तेच बघत राहिले. मला का कोण जाणे, तिथून लवकर निघावंसं वाटलं.

कार्ड आलं नाही. मी दोनदा आठवण करून दिली. दुसऱ्यांदा सहकारी माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोड ना. सरांना माहिती आहे काय करायचं ते."

गावच्या सभेच्या दिवशी सकाळी मी ऑफिसला पोचले तेव्हा तो मीटिंग रूममधलं जुनं मशीन बबल रॅपमध्ये गुंडाळत होता. मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, हे मशीन तिकडे चाललंय?"

"हो."

"त्यावर पाणी दिसत नाही."

त्यांनी आवाज चढवला नाही. समजूत काढावी तसं म्हणाले, "हे बघ, आपण खोटं काही दाखवत नाही. फाईल तीच आहे. एक बिंदूही बदललेला नाही. जुन्या मशीनला जमत नाही, त्याला आपण काय करणार?"

त्या शांत आवाजाचीच मला भीती वाटली. मी फाईल पेनड्राइव्हवर घेतली, घरी जाऊन माझा लॅपटॉप पिशवीत घातला आणि गावाकडे स्कूटर काढली. लॅपटॉपमध्ये नव्या पिढीचं कार्ड होतं.

देवळाशेजारच्या सभागृहात पडदा लावला होता. मामा पुढच्याच रांगेत बसला होता, धुतलेला सदरा घालून. मला बघून त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. चित्र सुरू झालं. पाऊस कोसळला, आणि गाव सुरेख, हिरवंगार, कोरडं दिसत राहिलं. लोक आपापली घरं ओळखून हसायला लागले. एका म्हातारीने विचारलं, "एवढा पाऊस परला, पानी कुठं गेला?"

"नाल्यातून खाडीत, आजी," सर म्हणाले.

मी उठले. "हे मशीन जुनं आहे," मी म्हणाले, "त्याला पाणी काढता येत नाही. पाणी आहे, फक्त दिसत नाही." आणि कोणी अडवायच्या आत प्रोजेक्टरची वायर काढून माझ्या लॅपटॉपला लावली.

तोच पाऊस पुन्हा पडला. या वेळी नाला भरला. पाणी मागे वळलं तशी कुजबुज थांबली. निळ्या चौकटीपाशी ते आलं तेव्हा मामा खुर्चीतून अर्धा उठला. "हा माजा घर," एवढंच म्हणाला.

सर पुढे आले. "मंडळी, तुम्हीच बघा. एका कॉम्प्युटरवर एक दिसतं, दुसऱ्यावर दुसरं. शेवटी ही चित्रंच आहेत. एक ऑफिसचं मशीन आहे, एक हिचं घरचं."

मी कार्ड, चिप, सगळं सांगायचा प्रयत्न केला. माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "भाची हाय ती त्याची. त्याचीच बाजू धरनार." दुसरा म्हणाला, "रस्ता आला तर आपल्याच पोरांना काम." काही जण हसले. म्हातारी मात्र पडद्याकडेच बघत होती, आणि तिला कोणी काही विचारलं नाही. रस्त्याला जागा द्यायला हात वर झाले. मामाचा आणि आणखी थोड्यांचा सोडून बहुतेक सगळे.

बाहेर मामा मला म्हणाला, "तू बोललीस ना, बस." पण तो माझ्याकडे बघत नव्हता. खारजमिनीच्या टोकाला माती सारणारं एक पिवळं मशीन आधीच येऊन उभं होतं.

नोकरी मी दुसऱ्या दिवशी सोडली. आता वालीवला एका साच्यांच्या कारखान्यात डिझाइन करते. भरावाचे डंपर त्याच आठवड्यात सुरू झाले. मामाकडे गेलं की ते दिसायचे, एकामागून एक, लाल माती ओतून रिकामे परत जाणारे. बघता बघता भराव मामाच्या कौलांएवढा झाला. संध्याकाळी त्याची सावली अंगणात यायला लागली. मामी कपडे वाळत घालायची जागा बदलत राहिली.

पावसाळ्याला अजून अवकाश होता. होळी नुकतीच झाली होती. भर दुपारी मामाचा फोन आला.

"पाऊस नाय काय नाय," तो म्हणाला, "तरी पानी आलाय."

मी जेवण टाकून गेले. खाचरांत स्वच्छ, स्थिर पाणी उभं होतं. उधाणाची भरती नाल्यातून उलटी आत शिरली होती आणि भरावामुळे तिला पसरायला जागा उरली नव्हती. हे माझ्या लॅपटॉपवरही दिसलं नव्हतं. आम्ही नेहमी पावसाबरोबरच भरती चालवून पाहिली होती. नुसती भरती चालवून पाहावी असं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मामा बांधावर उकिडवा बसला होता. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकला. "खारा हाय," तो म्हणाला. "आता हिथं भात व्हायचा नाय."

संध्याकाळ झाली, ओहोटीची वेळ होऊन गेली. आम्ही दोघं पाणी उतरायची वाट बघत बसलो. ते उतरत नव्हतं.