हरकत नसलेला माणूस

लेस्टर डूलीला आयुष्यात कशाचीच हरकत नव्हती, आणि ग्लेनिसची आपल्या नवऱ्याविषयीची पहिली व शेवटची तक्रार तीच होती. कॅनबेरात तो शाळेची बस चालवी. पोराने सीटवर ओकारी केली, तरी ‘हरकत नाही’. ऐन नाताळात डेपोने पाळी लावली, तरी ‘हरकत नाही’. शेजाऱ्याने नेलेली शिडी मोडून परत आणली, तेव्हा तर यानेच त्याला चहा पाजला. होकार, नमस्कार, आभार आणि निरोप या सगळ्यांचे काम तो शब्द एकटाच भागवी. अख्खे शहरच तसे बोलते, हे ग्लेनिसला ठाऊक होते. पण बाकीची माणसे निदान अधूनमधून हरकत घेत.

शहराच्या कंबा नावाच्या उपनगरातल्या भाड्याच्या घरात त्यांचा निम्मा संसार झाला होता. दोन गल्ल्या पलीकडे ग्लेनिसची बहीण अंथरुणाला खिळलेली. तिला रोज सकाळी अंघोळ घालायला ग्लेनिसच जाई. भाडे फार चढले तर शहर सोडून दूर यास गावाच्या पलीकडे बिऱ्हाड हलवावे लागणार आणि बहिणीला परक्या हातांत सोपवावे लागणार, ही धास्ती तिच्या मनातून कधी जात नसे.

त्यात ऑगस्टमध्ये घरमालकाच्या एजंटकडून, टॅमसिन नावाच्या मुलीकडून, लेस्टरच्या फोनवर निरोप आला : भाडे आठवड्याला साठ डॉलरने वाढवत आहोत, संमती असल्यास कळवा. लेस्टर शाळेपाशी बस लावून पोरांची वाट पाहत होता. त्याने तत्परतेने उत्तर पाठवले. संध्याकाळी ग्लेनिसने ते वाचले आणि हातातली किटली खाली ठेवली.

“अरे, हे काय करून बसलास?”

“काय केलं? निरोप मिळाला, एवढंच कळवलं तिला.”

“‘मिळाला’ कुठं लिहिलंयस? ‘हरकत नाही, टॅमसिन’ असं लिहिलंयस! वर अंगठ्याचं चित्रही टाकलंयस!”

“अगं, ते सवयीनं गेलं.”

“तुझ्या सवयीपायी उद्या मला कांगारूंच्या शेजारी चूल मांडायला लागेल!”

ग्लेनिसचा संताप अनाठायी नव्हता. तिथल्या कायद्याने मालकाला महागाईच्या वाढीहून जेमतेम थोडेच अधिक भाडे वाढवता येते. त्यापुढे जायचे तर एकतर न्यायाधिकरणाची परवानगी लागते, नाहीतर भाडेकरूची लेखी संमती. मागितलेली वाढ त्या मर्यादेच्या कितीतरी वर होती. कायद्याने दाराला लावलेली कडी या गृहस्थाने आतून स्वतःच काढून दिली होती.

तिने टॅमसिनला फोन लावला.

“आमच्याकडे लेखी होकार आहे, ग्लेनिस,” टॅमसिन गोड आवाजात म्हणाली.

“तो होकार नाही, बाई, खोकला आहे! माणसं खोकतात तसा हा ते बोलतो.”

“करार लेस्टरच्या नावावर आहे. त्यांचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांनी कळवावं.”

लेस्टरला वेगळे म्हणणेच नसते, हे हिला कसे सांगावे? अखेर ग्लेनिसने न्यायाधिकरणाकडे अर्ज लिहिला आणि लेस्टरने त्यावर सही केली. सही करायला त्याची अर्थातच हरकत नव्हती.

सुनावणीला टॅमसिन आली, ती तोच निरोप छापून घेऊन. न्यायाधिकरणाच्या सदस्याबाईंनी तो वाचला, चष्म्यावरून लेस्टरकडे पाहिले.

“मिस्टर डूली, ही वाढ तुम्हाला मान्य होती?”

“तसं... पोरगी सभ्यपणानं विचारत होती.”

“मी पोरीबद्दल विचारलेलं नाही.”

“परवडायचं जरा अवघड आहे.”

“परवडण्याबद्दलही नाही. मान्य होती का?”

ग्लेनिसने तोंड उघडले. “आपण थांबा,” बाई म्हणाल्या, “भाडेकरू हे आहेत.” ग्लेनिसने ओठ आवळले. उभ्या जन्मात तिला इतका वेळ गप्प बसावे लागले नव्हते. लेस्टरने टॅमसिनकडे पाहिले, छताकडे पाहिले, आणि शेवटी बायकोच्या हातांकडे. बहिणीला अंघोळ घालून ती तशीच निघाली होती, बोटांना अजून साबणाचा वास होता.

“नाही,” तो म्हणाला. मग, ऐकू गेले नसेल अशा शंकेने, पुन्हा : “नव्हती. आत्ताही नाही.”

संमती सिद्ध होत नाही, असे बाईंनी सांगितले. वाढ कायद्याच्या मर्यादेइतकीच. अधिक हवी तर मालकाने रीतसर परवानगी मागावी.

बाहेर बोचरा वारा सुटला होता. ग्लेनिस भराभर गाडीपाशी आली. दार उघडताना तिच्या लक्षात आले की लेस्टर मागेच थांबून खिसे चाचपतो आहे.

“आता काय?”

“त्या टॅमसिनचा चेहरा फार पडला होता गं. तिचा साहेब तिला बोलेल. म्हटलं, दोन शब्द पाठवावेत.”

ग्लेनिसने हात पुढे केला. त्याने मुकाट्याने फोन दिला. तिने तो आपल्या पर्समध्ये टाकला, चेन ओढली आणि ती पर्स मांडीवर घट्ट धरून गाडीत बसली.