कोंबोबाबांचं कासव

आमच्या किनाऱ्यावर कोंबोबाबांचा विश्वास फक्त भरती-ओहोटीवर. मशिदीत जाताना ते एक चप्पल या दाराशी काढतात, दुसरी त्या दाराशी. चोर काय एकच चप्पल नेणार? कॉफीवाल्याने कॉफीत आलं कमी घातलंय असं त्यांना रोज वाटतं आणि रोज ते दुसरा कप मागतात.

त्यांची बायको, बी म्वानाइशा, घरी बर्फकांड्या करते. गोरखचिंचेचं लाल सरबत बोटभर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायचं, गोठवायचं आणि शाळा सुटली की खिडकीतून विकायचं. पोरं कांडी अर्धी चोखून, पाणी भरून, "बी, ही गोड नाही" म्हणत बदलून नेतात, असा बाबांना संशय. म्हणून त्यांनी बायकोला आपल्या आजोबांची जाळ्याची गाठ शिकवली. दोन वेढे आणि उलटा फास. ती किनाऱ्यावर दुसऱ्या कोणाला मारता येत नाही आणि कोणाला सोडवताही येत नाही. पोरं कांडीचं खालचं टोक दातांनी तोडतात. गाठ जशीच्या तशी राहते.

तर अशा माणसाच्या जाळ्यात कासव आलं. मी त्यांच्याच होडीवर होतो. कासव बुडतच नव्हतं. पोटात हवा भरल्यासारखं तिरपं तरंगत होतं. खाडीपलीकडे कासवांचा दवाखाना आहे, तिथे आम्ही ते पोचवलं. परत येतो तर शेबे, दुसऱ्या होडीचा तांडेल, वाट बघतच होता.

"काय बाबा, ईदचं मटण देऊन आलात? आज दवाखान्यात नारळाच्या रसातलं कासव!"

बाबा तापले. "हेच कासव मी याच वाळूवरून जिवंत सोडून दाखवीन. नाही दाखवलं, तर माझ्या होडीला कोणी हात लावू नका."

आमच्याकडे होडी पाण्यात ढकलायला सगळा किनारा लागतो. हात लावू नका म्हणजे मासेमारी संपली. शब्द तोंडातून गेला, आणि त्याच क्षणी बाबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली: खरंच खाल्लं तर?

दुसऱ्या दिवसापासून ते रोज दवाखान्यात. खूण म्हणून त्यांनी कासवाच्या पाठीवरची शिंपली ध्यानात ठेवली होती. नेमकी तीच तिथे कासवांची देखभाल करणाऱ्या रिझिकीने खरवडून काढली.

"हे माझं कासव नव्हे!"

"बाबा, अंघोळ घातलीय त्याला."

"माझ्या बायकोला अंघोळ घातली तर ती वेगळी दिसते का?"

"घालून बघा," रिझिकी म्हणाली. ती शेजारच्या गावची. आमच्या बाजूच्या तिखट जिभा तिला पाठ.

कासव मात्र खाईना. टाकीत लाकडाच्या ओंडक्यासारखं तरंगत राही. शेबे रोज विचारी, "होडी विकायची का?" रिझिकी पोट मोकळं व्हावं म्हणून त्याला रोज तेल पाजी आणि वाट बघे. मग एका सकाळी कासवाच्या विष्ठेतून पिशव्यांच्या चिंध्या आल्या. तिने त्या धुऊन ताटलीत मांडल्या. एका चिंधीच्या टोकाला गाठ होती. दोन वेढे, उलटा फास.

बाबा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "ही तू ठेवलीस इथे."

"मला ती गाठ येत नाही, बाबा."

"रिझिकी, तू आमच्या घरी आली होतीस?"

"तुम्ही कोणाला घरात घेता का?"

हे मात्र खरं होतं. दारालाही तीच गाठ असते.

घरी येऊन त्यांनी बायकोची उलटतपासणी घेतली.

"तू समुद्रात कांड्या विकतेस?"

"अहो, कासव कधी खिडकीशी आलं नाही. आलं असतं तर तुम्ही त्यालाही चोर म्हणाला असतात."

बाबांचं समाधान होईना. दुपारी एका पोरीने कांडी घेतली आणि बाबा तिच्या मागे भिंतीआडून निघाले. तिने चोखून पिशवी गटारात टाकली. मग बाबा पिशवीच्या मागे. गटारातून ओढ्यात, ओढ्यातून खाडीत. खाडीच्या तोंडाशी ती पाण्यात पसरली, फिकट, डुलणारी, कासवं खातात ती अगदी जेलीफिशच. मासेमारीवर वाढलेला माणूसही फसला असता, मग कासवाचं काय! बाबा गुडघाभर पाण्यात तिच्याकडे पाहत उभे होते. मग वाकून त्यांनी ती उचलली, गाठ तपासली आणि संशयिताला खिशात घातलं.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीत पिशव्या दिसल्या नाहीत. पत्र्याच्या पेल्यात खरवडलेला बर्फ, वर सरबत; तिथेच उभं राहून खायचं. पेले चोरीला जाऊ नयेत म्हणून बाबा स्वतः समोर बसले.

"बाबा, तुम्ही बघताय म्हणून गिळवत नाही," पोरं म्हणत.

"तोंड उघड. पेला आत नाही ना?"

पुढे चिंध्या यायच्या थांबल्या, कासव समुद्री गवत ओरबाडू लागलं, आणि एक दिवस टाकीच्या तळाशी जाऊन बसलं. आम्ही ते किनाऱ्यावर आणलं. शेबेसह सगळे जमले. बाबांनी चारी बाजूंनी तपासलं आणि वाळूवर ठेवलं. ते फरफटत पाण्यात शिरलं आणि दिसेनासं झालं.

"बुडालं!" शेबे म्हणाला.

"बुडालं की मेलं?" बाबा कुजबुजले.

ते वाळूवर बसूनच राहिले. सूर्य कलायला लागला. मग दूर, खडकाच्या अलीकडे, एक डोकं वर आलं, श्वास घेतला आणि खाली गेलं.

"तेच का, बाबा?"

"दुसरं कोण असणार," बाबा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा खात्री न करता उठले.

शेबे मुकाट्याने होडीला हात लावायला गेला. बाबांनी आधी त्याचे हात बघितले.