खळ्यावरचे बंपर

मुरबाडच्या बाजूला भातशेती करणाऱ्या आमच्या घरात दादाने गाड्यांचे फुटके बंपर आणायला सुरुवात केली, तेव्हा वडिलांनी एवढंच विचारलं, "हे खायचं कसं रे?" शेताच्या कडेला शेड उभी राहिली. वडिलांनी तिच्यात पाऊल टाकलं नाही.

शहापूरच्या गॅरेजांतून आलेल्या बंपरचा रंग खरवडायचं किचकट काम अर्थातच धाकट्या बहिणीकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. दादा बारीक तुकडे करून धुवायचा, वाळवायचा. उन्हाने आणि वयाने प्लॅस्टिक कडक होतं, जरा धक्का लागला की तडकतं. वितळवताना त्यात रबरासारखा मऊ दाणा मिसळला की ते पुन्हा मार सोसू लागतं. वडिलांसाठी असा दाणा बाजारात मिळत नव्हता.

मग एका कंपनीने मडगार्डचे नमुने मागवले. हातोड्याखाली टिकले तर वर्षभराचं काम, नाहीतर शेडला टाळं. त्याच आठवड्यात वडिलांनी कुणाला न सांगता खळं शेणाने सारवलं आणि म्हणाले, "तुमचा माल हितं वाळवा. भात अजून उभाय." आमच्या घरात एवढं बोलणं म्हणजे भाषणच. मला रडू आलं. दादा उगाच गोण्या मोजत राहिला.

कंपनीचा माणूस आला, तेव्हा वडीलही पहिल्यांदाच शेडच्या दारापर्यंत आले. हातोडा पडला आणि मडगार्डचे दोन तुकडे झाले. तुटलेल्या कडेत खळ्यावरून मालात आलेलं भाताचं जुनं तूस स्वच्छ दिसत होतं, चीर तिथूनच निघाली होती. दादाने कडेवर अंगठा ठेवला. म्हणाला, "दाणा कमी पडला, साहेब. आठ दिवस द्या."

पुढचा माल पत्र्यावर वाळवला आणि काम मिळालं. तरी दादा खळ्यावर दरवर्षी एक गोणी पसरायचाच. वडील काठी घेऊन कोंबड्या हाकलत राखण करायचे. तो माल कुंड्या करणाऱ्याला जायचा. वडिलांना हे ठाऊक नाही, अशी आमची समजूत होती.

वडील अंथरुणाला खिळले त्या वर्षीही दादाने गोणी पसरली. वडिलांनी आतून हाक मारली, "तीपण पत्र्यावर टाक रे. मी काय आता राखणीला येत नाय. कुंड्यांऐवजी मडगार्डात घालाय तरी येल."

दादा "हो" म्हणाला, आणि माल तिथेच ठेवून कोंबड्या हाकलत बसला.